पगार माझा, मेसेज दादाच्या फोनवर. अंध नोकरदाराने बचत सुरू करायची ती कुठून?

रानजाई

नमस्कार मंडळी. फोनला बोलून टाइप करतेय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

वय २७, जन्मापासून पूर्ण अंध. दीड वर्षापूर्वी दिव्यांग कोट्यातून कनिष्ठ सहाय्यक म्हणून लागले. पंचायत समितीत पोस्टिंग आहे, गावापासून एसटीने ४० मिनिटं. हातात २८ हजारांच्या आसपास येतात. आसपास म्हणते, कारण नक्की आकडा मला दुसऱ्याच्या तोंडूनच कळतो.

झालं असं, की नोकरी लागल्यावर पगाराचं खातं काढायला दादाबरोबर बँकेत गेले. तिथले साहेब माझ्याशी न बोलता दादाशीच बोलले. "यांना एकटीचं खातं देता येणार नाही, घरातलं कुणी जोडा." दादा शेजारीच होता, जोडलं त्याचं नाव. मोबाइल नंबर त्याचा, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. एक तारखेला तो अंगणातून हाक मारतो, "झाला गं पगार!" संध्याकाळी माझ्या हातात ३,००० ठेवतो. सहा नोटा. मी त्याच्यासमोर मोजत नाही, बरं दिसत नाही म्हणून.

दादा वाईट नाही, हे आधीच सांगते. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. हॉस्टेलवर सोडायला पहाटे पाचच्या गाडीने तोच यायचा, आणि परत जाऊन दिवसभर ऊस तोडायचा. त्यामुळे खालचं सगळं लिहिताना मलाच चोरट्यासारखं वाटतंय.

गेल्या महिन्यात फोनसाठी १२ हजार मागितले. आत्ताच्या फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) चालू केलं की तो गपगार पडतो. दादा म्हणाला, "बघू पुढच्या महिन्यात, ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता आलाय." तो हप्ता माझ्या खात्यातून जातो हे मला तेव्हा समजलं. ट्रॅक्टर घेताना कसल्याशा कागदांवर माझा अंगठाही घेतला होता. साक्षीदार म्हणून, असं सांगितलं होतं.

तर, अंध माणसाला एकट्याचं खातं मिळत नाही असा नियम खरंच आहे का? खातं मिळालं तर २८ हजारांत बचत कशी आणि कशात करायची? आणि हे घरात बोलायचं कसं? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिल्या दोन्हींचा उपयोग नाही.

---

चक्रवाढ

२७ म्हणजे उत्तम वय. म्युच्युअल फंडात दरमहा ५,००० ची एसआयपी लावा आणि विसरून जा. आयकरात अपंगत्वासाठी ८०यू खाली ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख, ती सोडू नका. घरच्यांना काय वाटेल याचा विचार करत बसलात तर पैसा कधीच साठणार नाही.

---

तात्या_वडूजकर

म्युच्युअल फंडाच्या नादी लागू नका. तुमच्या कर्मचारी पतसंस्थेत ठेव ठेवा, बँकेपेक्षा दोन टक्के जास्तच मिळतील. ओळखीची माणसं असतात.

---

जुना_ऑपरेटर

रानजाई, तुला तू म्हणतो, माझी थोरली तुझ्याहून मोठी आहे.

मीही पूर्ण अंध. चौथ्या वर्षी देवी आल्या त्यात डोळे गेले. पुण्यात अंधशाळेत शिकलो, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि १९८५ पासून रिटायर होईपर्यंत पिंपरीतल्या एका कारखान्याच्या बोर्डावर बसलो. ३५ वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. स्वतःचं खातं स्वतःच्या हातात यायला त्यातली २४ गेली.

चक्रवाढ दुसऱ्या मजल्याची फरशी निवडतायत. इथं जोतंच अजून दुसऱ्याच्या नावावर आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: असा कुठलाही नियम नाही. उलट आहे. रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ ला सगळ्या बँकांना परिपत्रक काढून सांगितलंय, की दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड, काहीही केवळ दिसत नाही म्हणून नाकारायचं नाही. चेकबुकात तिसऱ्या माणसाला द्यायचे चेकही आले. त्याच्या मागे मुख्य अपंग आयुक्तांचा २००५ चा निकाल आहे. परिपत्रक रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे. डाउनलोड करून फोनमध्ये ठेव आणि जाताना बरोबर ने. तोंडी सांगितलेला नियम साहेब लोकांना ऐकू येत नाही.

आता माझं सांगतो. माझंही खातं वडिलांबरोबर जोडीचं होतं. वडील म्हणजे देवमाणूस, माझ्या पगारातला चहासुद्धा प्यायले नाहीत. १९९३ मध्ये धाकट्या बहिणीचं लग्न झालं. लग्नानंतर दोनेक महिन्यांनी शेजारचा पोरगा पासबुक भरून आला, म्हटलं वाच. तो वाचता वाचता थांबला. २२ हजार एकदम गेलेले. वडिलांनी लग्नात घातले होते. मागितले असते तर मी दिलेच असते रे, बहीण होती माझी. पण कुणी विचारलंच नाही. भाऊ म्हणून मी दिले असं लग्नात कुणाला कळलं नाही, आणि मलाही नाही. वडिलांशी त्यावर मी कधी बोललो नाही. ते गेले तरी नाही बोललो.

म्हणून तुझा दादा चांगला की वाईट यात मी शिरत नाही. ज्याच्या फोनवर टिंग वाजतं त्याचं खातं, मग पासबुकावर नाव कुणाचंही असो.

२००९ मध्ये ते परिपत्रक घेऊन मी बँकेत गेलो. अधिकारी म्हणाले, "चेकबुक देतो, पण तुमची सही जुळणार कशी?" तोवर मी सगळीकडे अंगठाच देत होतो. अंगठ्यावर खातं उघडतं, अंगठा नसलेल्यांचा पायाचा ठसासुद्धा चालतो, पण सही असली की निम्मे वाद मिटतात. वय ४७, आणि सही शिकायला बसलो. धाकटी तेव्हा आठ वर्षांची. तिने लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यात खिडकी कापून दिली, सहा सेंटिमीटर लांब, एक-सव्वा रुंद. खिडकीच्या खालच्या कडेला पेन टेकलं की ओळ सरळ येते. रोज रात्री जेवणानंतर माझा हात धरून ती गिरवून घ्यायची आणि ओरडायची, "बाबा, 'र'चा पाय खिडकीबाहेर गेला!" तीन आठवड्यांनी सही बसली. चेकवर सही करायची तर पुठ्ठा उजव्या कोपऱ्यात लावायचा, पण खालची अर्धा-पाऊण इंचाची पट्टी सोडून. तिथं मशीनचे आकडे असतात, त्यावर पेन गेलं की चेक परत. मी दोनदा परत घेतलाय. तो पुठ्ठा अजून पाकिटात आहे, कडा पार मऊ झाल्यात.

तू काय कर. जुनं खातं मोडायला जाऊ नकोस, भांडण तिथंच सुरू होईल. ऑफिसजवळच्या वेगळ्या बँकेत नवं, एकटीच्या नावाचं खातं काढ. आधार, पॅन, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं ओळखपत्र) आणि तुझा स्वतःचा मोबाइल नंबर एवढं ने. घरबसल्या फोनवरून उघडायच्या फंदात पडू नकोस. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा म्हणतात. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिलाय, की केवायसी आपल्यासारख्यांना जमेल अशी करा, पण निकाल शाखेपर्यंत चालत यायला वेळ लागतो. शाखेत जा. दादाला नेऊ नकोस, ऑफिसातलं कुणी ने, म्हणजे साहेबांना तुझ्याशीच बोलावं लागेल. खातं झालं की पगारबिल करणाऱ्या क्लार्ककडे नव्या खात्याचा अर्ज दे, बिल तयार व्हायच्या आधी.

आणि बचतीच्या आधी फोन घे. ती चैन नाही, ते तुझं पासबुक आहे. इयरफोन कायम लावायचा. टॉकबॅक ओटीपी मोठ्याने वाचतं, आणि एसटीत चाळीस माणसं ऐकत असतात. टॉकबॅक चालू असताना पडदा काळा ठेवता येतो, तोही ठेव. पिन टाकताना शेजारच्याला काही दिसत नाही, आणि तुला तसंही दिसायचं नव्हतं.

पगाराची स्लिप कुणाकडून तरी अक्षर न् अक्षर वाचून घे. व्यवसाय कर कापतात का बघ. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. ४० टक्के किंवा वर कायमचं अपंगत्व असेल तर महाराष्ट्रात तो माफ आहे, पण दाखला दिल्याशिवाय कुणी थांबवत नाही. अंध कर्मचाऱ्याला वाहतूक भत्ताही वाढीव दराने असतो, तो लावलाय का विचार. ८०यू सध्या विसर. तो जुन्या करपद्धतीतच मिळतो, आणि तुझ्या पगाराला जुन्यातही नव्यातही कर शून्यच येतो.

एनपीएसमध्ये, म्हणजे पेन्शन योजनेत, तुझे १० टक्के जातातच, वर सरकारचे १४ पडतात. म्हातारपणाची सोय तुझ्या नकळत सुरू झालीय. फक्त तिथं मोबाइल नंबर कुणाचा आणि वारस (नॉमिनी) कोण लावलाय ते तपास. पैज लावतो, नंबर दादाचाच निघेल.

बाकी राहिलेल्यातून आधी तीन महिन्यांचा खर्च बचत खात्यात नुसता पडू दे. मग पोस्टात आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम टाकायची ठेव. सध्या ६.७ टक्के आहे, महिना १,००० टाकले तर पाच वर्षांनी ७१ हजारांच्या वर येतात. पीपीएफ १५ वर्षांचं, ७.१ टक्के, लवकर हात लावता येत नाही, आणि तुझ्या घरची तऱ्हा बघता तोच त्याचा गुण. एसआयपी वर्षभराने बघू. तात्या, पतसंस्थेचं म्हणाल तर बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तो नाही. ओळखीची माणसं बुडवतात तेव्हा तक्रारसुद्धा करता येत नाही.

अंगठ्याचं प्रकरण मात्र आधी बघ. साक्षीदार होतीस की जामीनदार? कुठल्या कर्जात तुझं नाव आहे ते क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढ.

नोटांचं राहिलंच. जुनी शंभराची १५७ मिलिमीटर आणि पाचशेची १६७, दहाचा फरक बोटाला कळायचा. आताची शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. चार मिलिमीटर काय कप्पाळ कळणार! रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं ॲप आहे, ते नोट ओळखून सांगतं. एकदा ओळखली की मी घडीने ठेवतो: पाचशे सरळ, दोनशे उभी दुमडलेली, शंभर आडवी. आणि दादासमोर मोजत जा. आमच्या कॅशियरसमोर मी ३५ वर्षं मोजले, त्याला एकदाही राग आला नाही.

तिसरा प्रश्न. घरात "माझा पगार मला हवा" असं म्हणू नकोस. घरखर्चाला दरमहा किती द्यायचे ते दादाला विचार, आकडा ठरव आणि एक तारखेला तू स्वतः पाठव. आज तो तुला देतोय. तू द्यायला लागलीस की बोलायची पद्धत आपोआप बदलेल. लगेच नाही बदलणार, वहिनी चार दिवस भांडी आपटेल.

---

धाकटा

मी धाग्यातल्या 'दादा'च्या जागचा आहे, म्हणून लिहितो. माझी बहीण मतिमंद आहे, ४१ वर्षांची. तिचे पैसे मीच बघतो. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र काढलं, आणि त्यात तिच्या मालमत्तेचा हिशोब मला द्यावा लागतो. तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. निव्वळ अंध असलेल्या सज्ञान माणसाला पालक लागत नाही, त्यामुळे "घरच्यांना आणा" याला कुठलाच आधार नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ जरूर वाचा. आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळायचा हक्क त्यात आहेच. शिवाय मदत करणाऱ्याचाच एखाद्या व्यवहारात स्वार्थ गुंतलेला असेल तर त्याने त्या व्यवहारापुरतं बाजूला राहायचं, असंही आहे. ट्रॅक्टर दादाचा आणि अंगठाही त्यानेच घेतला, म्हणजे नेमकं तेच. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय, की निव्वळ रक्ताचं नातं आहे म्हणून स्वार्थ आहे असं धरू नये. दोन्ही वाक्यं वाचा.

मीही बहिणीच्या खात्यातून एकदा माझा हप्ता भरलाय. परत टाकले, पण भरला होता.

---

रानजाई

पाच आठवड्यांनी लिहितेय.

एसटी स्टँडसमोरच्या बँकेत गेले, ऑफिसातल्या मॅडमना घेऊन. साहेब म्हणाले, "घरचं कुणी?" मी फोन काढून ते परिपत्रक लावलं. गडबडीत इयरफोन निघाला आणि माझं टॉकबॅक नेहमीच्या वेगात इंग्रजी वाचत सुटलं. सगळी शाखा चिडीचूप. साहेब म्हणाले, "अहो, हळू करा जरा, मलाही समजू द्या." वेग कमी केला. त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. वीस मिनिटं गेली, चहा आला. खातं झालं, एकटीच्या नावावर. चार दिवस पुठ्ठ्यावर सराव केला होता, पाचपैकी तीन सह्या सारख्या आल्या. त्यांनी सहीही घेतली आणि अंगठाही.

काका, पैज जिंकलात. एनपीएसला नंबर दादाचाच होता. व्यवसाय कर दीड वर्ष कापत होते, दाखला दिलाय.

क्रेडिट रिपोर्टमध्ये मी जामीनदार आहे. हप्ते वेळेवर आहेत, तेवढंच बरं. रात्री जेवताना सांगितलं. दादा काही बोलला नाही, ताटातच हात धुतले. वहिनी म्हणाली, "आम्ही काय खाल्लं का तुमचं?" आई मटार सोलत होती. एकेक दाणा पातेल्यात पडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

दोन दिवसांनी दादाने जुनं पासबुक माझ्या मांडीवर ठेवलं. "वाचून घे कुणाकडून." मॅडमनी वाचलं. ट्रॅक्टर, खत, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, वहिनीच्या माहेरी दिलेले ७ हजार. उडवलेलं काही नाही. शिल्लक ११,४००. आईच्या ऑपरेशनला माझे पैसे लागले हे मला आता कळलं. तिच्या उशाशी तेव्हा तीन दिवस मीच होते.

या एक तारखेला पगार नव्या खात्यात आला. घरखर्चाचा आकडा दादा ठरवेना, आईने ठरवला, १०,०००. ओट्यापाशी उभी राहून पाठवले. दादाचा फोन फ्रिजवर होता, टिंग वाजलं. वहिनीने विचारलं, "कुणाचे आले ओ?" दादा म्हणाला, "हिचे."

पुढं कुणी काही बोललं नाही. जामिनाचं अजून तसंच आहे, ते कसं निघतं? आणि पोस्टात आरडीच्या फॉर्मवर वारस लिहायचा राहिलाय. आई ६३ ची आहे, तिचं लिहू की दादाचं?

---

जुना_ऑपरेटर

जामीन कर्ज फिटेपर्यंत राहतो. दादाने दुसरा जामीनदार दिला आणि बँकेने लेखी मान्य केलं तरच आधी सुटशील. आत्ता लगेच त्याच्या मागे लागू नकोस, पण पुढच्या सहामाही हप्त्याची तारीख तुझ्या फोनमध्ये टाकून ठेव.

वारस केव्हाही बदलता येतो. सध्या आईचं लिही. सही पाचपैकी पाच यायला लागली की मला कळव, धाकटीला सांगतो.